पाय दाखवा

माझा धंदा गोठवलेल्या मालाचा. मटार, मक्याचे दाणे, पराठे, मासे. दुबईतल्या अल क्वोजमध्ये आमचं कोल्ड स्टोअर आहे, उणे अठरा डिग्रीचं, आणि त्यात मी सव्वीस वर्षं ये-जा करतोय. या धंद्याने मला एकच गोष्ट नीट शिकवली, ती म्हणजे कागदावर विश्वास ठेवायचा नाही. कंटेनरबरोबर तापमानाचा कागद येतो. त्यावर उणे अठराची सरळ रेघ असते, खाली सही-शिक्का असतो. मी तो कागद बाजूला ठेवतो आणि मटाराची पिशवी हातात घेऊन चोळतो. दाणे सुटे लागले तर माल चांगला. बर्फाचे खडे लागले तर माल वाटेत एकदा वितळलाय आणि कोणीतरी तो पुन्हा गोठवलाय. ड्रायव्हर शपथा घेतो, "वल्ला हबीबी, मशीन एक मिनट भी बंद नहीं किया." मी ते खडे त्याच्या हातावर ठेवतो.

बायको म्हणते, हा स्वभाव घरी येताना ऑफिसात ठेवून येत जा. मला ते कधी जमलं नाही.

त्यामुळे मुलीने एका शनिवारी नाश्त्याला सांगितलं, "बाबा, आय ॲम गोइंग टु जॉर्जिया. स्नो हायकिंग. एट पीपल, फाइव्ह डेज," तेव्हा मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, नेणार कोण?

मुलगी चोवीस वर्षांची. जन्म शारजातला. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत. आयुष्यात बर्फ पाहिला तो मॉलमधला, तिकीट काढून. आणि ही आता डोंगरावर, गुडघाभर बर्फात चालायला निघाली होती. माझी भीती मी रागाच्या आवाजात बाहेर काढली. एकुलती एक आहे ती. यापेक्षा जास्त कारण बापाला लागत नाही.

नेणारी एक मराठी मुलगी होती, तिशीची, फुजैराच्या एका ऑइल टर्मिनलमध्ये सेफ्टी डिपार्टमेंटला. सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगरात घेऊन जायची. मूळची साताऱ्याकडची. सह्याद्रीत कुठे आला बर्फ, मी म्हटलं. त्यावर मुलगी म्हणाली, ती हिमालयात कोर्स करून आलीय, सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला.

पुढच्या शनिवारी सरावाची चाल होती, फुजैराच्या मागच्या डोंगरात. मी म्हटलं, मी पण येतो. मुलीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ओके म्हणाली. इतक्या सहज? तिथेच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

वादीच्या, म्हणजे तिथल्या डोंगरी ओढ्याच्या, कोरड्या पात्रात, सव्वीस डिग्रीत, आठ माणसं बर्फाचे जाड बूट घालून चालली होती. शेळ्यासुद्धा वळून पाहत होत्या. मी लीडरबाईंचं निरीक्षण करत होतो. एक तर ती सगळ्यात मागे चालायची. लीडर म्हणजे पुढे, एवढं मला कळतं. दुसरं, दर दहा मिनिटांनी माणसं मोजायची, जणू आम्ही मेंढरं. आणि तिसरं म्हणजे, बरोबर अकरा वाजता तिने शिट्टी मारून सगळ्यांना माघारी फिरवलं. माथा समोर दिसत होता, दहा मिनिटांवर.

"अगं, दहा मिनिटं तर आहेत," मी म्हटलं.

"काका, सकाळी ठरलं होतं, अकराला रिटर्न. अकरा म्हणजे अकरा. बर्फात माथा नेहमी दहाच मिनिटांवर दिसतो."

उत्तर चटपटीत होतं, पण मला काही पटलं नाही. हिला पुढची वाट माहीत नाही, असा मी निष्कर्ष काढला. गाडीत बसताना पाहिलं तर ती आणि माझी मुलगी बाजूला उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या.

घरी येताना ठरवून टाकलं. हिच्या भरवशावर मी मुलीला सोडणार नाही. मी स्वतः जाणार.

अडचण एवढीच होती की एक फॉर्म भरायचा होता. त्यात आजारांची यादी, आणि यादीत मधुमेह. मला नऊ वर्षांपासून साखर आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी. डॉक्टर दर वेळी पायांच्या नसांची कसलीशी टेस्ट सांगायचे आणि मी दर वेळी टाळायचो, कारण टेस्टचं मशीन घेतलं की पेशंट शोधावेच लागतात, हे धंदेवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. फॉर्म मुलीच्या लॅपटॉपवर होता. मी मधुमेहासमोर 'नाही'वर खूण केली.

बायको मागे उभी होती. "खोटं कशाला लिहिताय?"

"खरं लिहिलं तर घेणार नाहीत. मग तिकडे तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार?"

"तुमच्याकडे कोण ठेवणार?"

मी लॅपटॉप मिटला आणि मुलीला म्हटलं, पाठवून दे.

फेब्रुवारीत निघायचं होतं. त्याआधी लीडरची परीक्षा घ्यायची हुक्की मला आली. मी साळसूदपणे म्हटलं, आमचं कोल्ड स्टोअर आहे, सगळ्यांनी आपापले कपडे-बूट घालून तिथे उभं राहून बघा, दुकानदाराने शेंडी लावली असेल तर इथेच कळेल. मनात वेगळंच होतं. ही बाई उणे अठरात किती टिकते ते मला पाहायचं होतं. थंडीतलं मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. माझे फोर्कलिफ्टवाले पंधरा मिनिटांत पाय आपटत बाहेर येतात. मी अर्धा तास आत मोजणी करतो आणि मला काही होत नाही. सुरुवातीला व्हायचं. गेल्या चार-पाच वर्षांत पाय इतके सरावले की थंडी लागायचीच बंद झाली. हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो.

तिला कल्पना फार आवडली. एका संध्याकाळी सगळे आले. मटाराच्या खोक्यांमध्ये आठ माणसं आणि ती, असे नऊ जण जाडजूड कपडे घालून उभे. ती बोलत होती आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती. "इथली थंडी कोरडी आणि स्थिर आहे. तिथे वारा असतो, ओल असते, आणि आपण चालत असतो. चालताना घाम आला की तो नंतर गोठवतो. म्हणून निघताना थोडं कुडकुडतच निघायचं, जाकीट काढून. आणि सॉक्स एकच जोड. दोन घातले की बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत जात नाही."

इथे मी मनातल्या मनात हसलो. फ्रीझरमध्ये आम्ही सव्वीस वर्षं दोन-दोन जोड घालतोय. गमबूट ऐसपैस असतात, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही.

वीस मिनिटांनी एकेक जण यल्ला यल्ला, चला चला, करत बाहेर पडला. माझी मुलगीही गेली, पण दाराच्या काचेतून आत पाहत उभी राहिली. आत राहिलो आम्ही दोघं. लीडर पाय आपटत होती. मी शांत उभा. जिंकल्यासारखं वाटत होतं.

"काका, बोटं हलतायत?"

"हलतायत."

"जाणवतायत?"

"न जाणवायला काय झालं?"

"मगापासून तुम्ही एकदाही पाय आपटला नाहीत." ती माझ्या बुटांकडे पाहत होती. "बाहेर गेल्यावर जरा पाय दाखवा."

"का? पाया पडायचंय?" मी हसून उडवून लावलं. ती हसली नाही. बाहेर आल्यावर तिने पुन्हा विचारलं, आणि मी फोन आल्याचं निमित्त करून ऑफिसात गेलो. काचेतून दिसलं, ती माझ्या मुलीला काहीतरी विचारत होती आणि मुलगी मान खाली घालून उभी होती. मला राग आला. माझ्याच स्टोअरमध्ये उभं राहून माझ्यामागे कुजबुज! पण विचारायची सोय नव्हती. फॉर्मवरची ती खूण मनात होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्या दिवसांत मुलीचंही काहीतरी चाललं होतं. घरात सगळ्यांनी चपला घालूनच वावरायचं, असा नवा नियम तिने काढला. मला मऊ सपाता आणून दिल्या. आमच्याकडे घरात अनवाणीच फिरतात, लादी पुसलेली असते, मग हे फॅड कुठून आलं? विचारलं तर म्हणाली, "जस्ट वेअर देम, बाबा."

शारजाहून विमानाने साडेतीन तास. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावातून निघालो. पुढे गावातला एक म्हातारा वाटाड्या, काठीने बर्फ टोचत. त्याच्या पावलांवर पाऊल टाकायचं, आजूबाजूला जायचं नाही. मागे, नेहमीप्रमाणे, लीडर.

कोल्ड स्टोअरला भिंती असतात. इथे नव्हत्या. पांढरं सुरू व्हायचं आणि संपायचंच नाही. पहिल्या अर्ध्या तासातच मला कळलं की याचा आणि माझ्या धंद्याचा काही संबंध नाही, पण ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही. पायात दोन जोड सॉक्स होते. खोलीचं दार लावून घातले होते.

एका चढाशी वाटाड्या थांबला. दोन दिवसांपूर्वीचा ताजा बर्फ त्या उतारावर साठला होता. तो आणि लीडर काहीतरी बोलले, आणि आम्ही सरळ वाट सोडून झाडीतून लांबच्या वाटेला लागलो. "नवा बर्फ जुन्यावर बसलेला नसतो," ती म्हणाली, "आपल्या वजनाने सगळा उतार खाली येऊ शकतो." मला वाटलं, वाट चुकलीय आणि झाकतायत.

ती दर अर्ध्या तासाने थांबवायची. तहान नसली तरी पाणी प्यायला लावायची. प्रत्येकाला नाक-गाल एकमेकांचे बघायला सांगायची. बोटं हलवा म्हणायची. आणि सगळ्यांना एकदा विचारलं तर मला दोनदा. माझ्या पुढे माझी मुलगी होती. ती मुद्दाम हळू चालत होती. एरवी मॉलमध्ये माझ्या चार पावलं पुढे असणारी पोरगी इथे दर दहा पावलांनी वळून बघत होती, आणि माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे. मग माझ्या डोक्यावरून लीडरकडे बघायची. मागून काहीतरी खूण व्हायची. माझ्या पुढे एक आणि मागे एक, आणि मला कोणी काही सांगत नाही.

अकराच्या सुमारास माझा तोल दोनदा गेला. दुसऱ्यांदा मी गुडघ्यावर पडलो. पाय कुठे टेकतोय ते नीट समजत नव्हतं. मुलीने हात दिला आणि माझा बांध फुटला.

"काय लपवताय तुम्ही दोघी माझ्यापासून?" मी ओरडलोच. "सकाळपासून बघतोय. वाट चुकलोय ना आपण?"

झाडांखाली बर्फ दाबून लीडरने सॅक खाली ठेवली आणि त्यावर मला बसायला सांगितलं. वारा नव्हता तिथे.

"काका, बूट काढा."

"माझे पाय ठीक आहेत."

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "मी हात जोडते."

ती मराठीत बोलली म्हणून मी बूट काढला. पहिला सॉक निघाला, खालून दुसरा निघाला. लीडरने मान हलवली, पण ओरडली नाही. दुसरा निघाला आणि आम्ही तिघांनी पाय पाहिला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पांढरी पडली होती, मेणचट. असा रंग मी रोज विकतो. आमच्या माशाच्या तुकड्यांचा तो रंग आहे.

लीडरने अंगठा दाबला. तिचं बोट मला दिसलं. जाणवलं नाही.

मी वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला हे माहीत होतं. कोल्ड स्टोअरपासून माहीत होतं. चार-पाच वर्षं ज्याला मी सराव म्हणत होतो तो सराव नव्हता. माझे पाय मेले होते हळूहळू, आणि मी त्याची फुशारकी मारत होतो.

"चोळायचं नाही," लीडर म्हणाली. "अंगाची ऊब द्यायची. पोटाची."

तोवर मुलगी बर्फात बसलीसुद्धा होती. तिने जाकिटाची चेन उघडली, आतला स्वेटर वर केला आणि माझा पाय ओढून घेतला. मी मागे घेतला. आमच्याकडे लेकीला बापाच्या पाया पडू देत नाहीत. चुकून पाय लागला तर बाप तिला हात लावून तो कपाळाला लावतो. ती लहान असतानाही मी हे पाळलंय. आणि इथे इतक्या परक्या माणसांसमोर माझा थंडगार पाय तिच्या उघड्या पोटावर?

"नको," मी म्हटलं. "दुसरं कोणीतरी... नको गं."

"गप्प बस, बाबा," ती म्हणाली, आणि पाय पोटाशी धरला. थंडीने तिचा श्वास अडकला, ते मी पाहिलं. मला तिची ऊब कळत नव्हती. तिच्या पोटाचा वरखाली होणारा श्वास तेवढा घोट्यापाशी, जिथे अजून जाणीव होती, तिथे लागत होता. मी वाकून तिच्या डोक्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आणि मग मला रडू आलं, ते मी अडवलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी बोटं गुलाबी झाली. दुसरा पाय जरा बरा होता. लीडरने कोरडे सॉक्स दिले, एकच जोड. "पुन्हा गार पडायच्या आत खाली," ती सगळ्यांना म्हणाली. माथा समोर होता, अर्ध्या तासावर.

"तुम्ही सगळे जा," मी म्हटलं. "मी वाटाड्याबरोबर उतरतो."

"वाटाड्या एकच आहे, काका. ग्रुप तुटत नाही." सगळ्यांनी मुकाट्याने माथ्याकडे पाठ फिरवली. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उतरताना मुलगी शेजारून चालत होती. मी विचारलं, फॉर्म?

"आय चेंज्ड इट. सेम डे."

मग तिने सांगितलं. आधीच्या डिसेंबरात, मी अंघोळ करून हॉलमधून बाल्कनीत गेलो होतो. लादीवर माझ्या पायाचे रक्ताचे ठसे उमटत गेले होते, बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत. काचेचा तुकडा होता टाचेत. मी फोनवर हसत बोलत होतो. नंतर मी पेपर वाचत असताना तिने तो तुकडा काढला, मला वाटलं ती पायाशी बसून मस्करी करतेय. तिने लादी पुसली आणि आईलाही सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मानलं असतंस?" ती म्हणाली. "डॉक्टरचं मानतोस? रिपोर्टचं मानतोस?"

लीडर मागून म्हणाली, "मी नाहीच म्हणणार होते, काका. ही म्हणाली, ते घरी थांबणारच नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपबरोबर जातील, खोटं सांगून. मग मी म्हटलं, निदान माझ्या नजरेसमोर तरी असू देत. सोपी वाट घेऊन, मी मागे चालेन." मग म्हणाली, "सॉक्स मात्र सकाळी मी बघायला हवे होते. ती माझी चूक."

तिची चूक! सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या मालात बर्फाचे खडे शोधले.

परत आल्यावर ती टेस्ट केली. गेलेली जाणीव परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. असलेली जपायची, आणि जे पायांना कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं, रोज. मुलगी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे, त्याच लीडरबरोबर, माझ्याशिवाय. राहिलेल्या अर्ध्या तासासाठी. मी या वेळच्या फॉर्मबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही. विचारावासा वाटतो, खोटं कशाला सांगू.

कोल्ड स्टोअरमध्ये आता मी दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. फोर्कलिफ्टवाले पाय आपटत बाहेर येतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो.

रोज सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, ती सोफ्याशी खाली बसते आणि म्हणते, पाय दाखवा. लीडरची नक्कल करते, अहो-जाहो करून. मी पाय तिच्या मांडीवर ठेवतो. पहिला आठवडा ठेववत नव्हता. आता ठेवतो. ती तळवा बघते, बोटांच्या बेचक्या बघते. मग कापूस एकेका ठिकाणी टेकवते आणि मी डोळे मिटून सांगायचं, कुठे. सुरुवातीला मी डोळे किलकिले करून बघायचो.

काल चार वेळा मी बरोबर सांगितलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"लाव ना," मी म्हटलं.

"लावला, बाबा," ती म्हणाली. "मगाचपासून लावलाय."

डोळे उघडून बघता आलं असतं. मी उघडले नाहीत. ती लावला म्हणाली, म्हणजे लावला असणार.